समता म्हणजे सब घोडे बारा टक्के?

गेजवाला

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. सगळे जॉब (म्हणजे तयार होणारे भाग) सारखे निघतायत का ते बघणं, एवढंच माझं काम. मशिनिंग झालेल्या बोअरमध्ये गो-नोगो गेज घालायचा. गो बाजू अलगद आत गेली पाहिजे, नोगो बाजू तोंडाशीच अडली पाहिजे. दोन्ही आत गेल्या तर भोक मोठं झालं, जॉब भंगारात. दिवसाला शेकड्यांनी जॉब हाताखालून जातात. सांगायचा मुद्दा असा की सारखेपणाशी माझं वाकडं नाही, माझं पोट त्यावरच चालतं.

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर (शाहूपुरीतली एका मित्राची गच्ची, आठ-दहा जण, भडंग आणि चहा) कर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जेरॉन' वाचली. १९६१ ची कथा, घडते २०८१ साली. अमेरिकेच्या घटनेत २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्या झाल्यात आणि सगळे एकदाचे समान झालेत. कसे? ताकदवानाच्या गळ्यात शिशाच्या गोळ्यांची पिशवी, देखण्याच्या तोंडावर मुखवटा, आणि हुशाराच्या कानात एक यंत्र, जे दर वीस सेकंदांनी कर्कश आवाज करून चाललेला विचार तोडतं. ही ओझी वाटायला आणि कुणी काढली तर पकडायला एक सरकारी खातं. शेवटी त्या खात्याची प्रमुख बाई बंदूक घेऊन येते आणि ओझी फेकून नाचणाऱ्या पोराला आणि नर्तिकेला जागीच ठार करते.

वाचून झाल्यावर एक मित्र म्हणाला, "बघा, समतेची गाडी शेवटी याच स्टेशनला येते." निम्म्या गच्चीनं माना डोलावल्या. कुणीतरी "सब घोडे बारा टक्के" म्हणालं, हशा झाला, विषय संपला.

माझा नाही संपला. घरी येताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभा राहून मी विचार करत होतो की या कथेत नक्की काय खुपतं. लोक सारखे झाले हे? कथा नीट वाचली तर लोक सारखे झालेलेच नाहीत. एक बाई बंदूक घेऊन फिरते आणि बाकीचे तिला भितात. मग समता कुठं आहे हो त्यात?

कारखान्यातलं अजून एक सांगतो. माझा गेजसुद्धा झिजतो. म्हणून तो ठरावीक मुदतीनं कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचंच माप तपासायला जातो, लॅबमधून तारखेचं स्टिकर लागून येतो. स्टिकरची तारीख उलटलेला गेज कुणी वापरला तर ऑडिटमध्ये आमचे कान धरले जातात. या भयकथांतल्या राज्यांत गेज असतो, बोअर असतात, भंगारात जाणारे जॉबही असतात. कॅलिब्रेशन मात्र कुठंच नसतं. मापणाऱ्याला मापायची सोय नाही.

मला वाटतं भीती तिथं आहे, समतेत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कटवाढा

पयला नंबर. वाचतो निवांत. भडंग कुठला होता ते आधी सांगा.

गंगावेशकर

भावा, नाद खुळा लिवलंयस. आमाला एवढी पुस्तकं ठावं न्हाईत, पण ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' वाचलंय, पोराच्या कॉलेजात होतं म्हणून. त्यात मला सगळ्यात काय लागलं सांगू? दूध.

प्राण्यांनी मालकाला हाकलला, आता सगळं आपलं. पहिल्याच दिशी गाईंची धार काढली. पाच बादल्या दूध, फेसाळ. कुणीतरी विचारतंय, ह्या दुधाचं काय करायचं? नेपोलियन डुक्कर म्हणतंय, दुधाचं राहू द्या, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी सगळी परत आली तर दूध गायब. मागनं कळतं की डुकरांच्या आंबोणात जात होतं. मग सफरचंदं बी गेली. आणि वर कारण काय, तर आमाला डोक्याचं काम असतंय, दूध आमाला आवडत न्हाई खरं तुमच्यासाठीच पितो!

आमच्या गंगावेशीत पहाटे म्हस समोर उभी करत्यात, ग्लास हातात घिऊन माणूस उभा. धार डोळ्यादेखत ग्लासात पडती. पैलवानाला मोठा ग्लास, माझ्यासारख्याला ल्हान. सारखं न्हाईच ते. पर आजवर कट्ट्यावर भांडण झालेलं मी बघितलं न्हाई, कारण म्हशीपासनं ग्लासापतूर सगळं दिसतंय. त्या पुस्तकात धार काढली दिसली, प्यालेलं दिसलं न्हाई.

रंकाळा_वारा

गंगावेशकर, दंडवत. तुम्ही म्हणताय ती जागा खुद्द ऑर्वेललाही तितकीच महत्त्वाची वाटत होती. डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली तिथंच गोष्ट वळते, असं त्यानं एका पत्रात कळवलं होतं. बाकीच्या प्राण्यांनी तिथंच पाय रोवायला हवा होता, असं त्याचं म्हणणं. म्हणजे त्याच्या लेखी चूक समता मागण्यात नव्हती, पहिल्या दिवशी हिशोब न मागण्यात होती.

आणि हा माणूस समतेचा वैरी नव्हता, हेही विसरलं जातं. १९३६ च्या अखेरीस स्पेनला गेला तो लढायला. बार्सिलोनात वेटर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, बक्षिसी देणं बंद आहे, हे बघून तो हरखून गेला होता. पुढे १९४६ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की १९३६ पासूनचं आपलं सगळं गंभीर लेखन हुकूमशाहीच्या विरुद्ध आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूनं आहे. (जन्म मोतीहारीचा, बिहारचा. आपलाच म्हणायला हरकत नाही.)

पुणे_रिटर्न

चर्चा छान, पण मुद्दा टाळला जातोय. व्हॉनेगटच्या कथेतली शिशाची पिशवी आणि आपल्याकडचं आरक्षण यात फरक काय? हुशाराच्या पायात वजन बांधायचं आणि त्याला समता म्हणायचं. मला शिव्या घाला, पण उत्तर द्या. माझ्या भाच्याला दोन मार्कांनी सीट गेली. त्याच्या गळ्यात ती पिशवीच आहे.

तालीम_८८

शिव्या कशाला घालू. उत्तर देतो, जरा आडवळणानं.

लहानपणी वस्तादांनी सांगितलेली गोष्ट. कोल्हापुरात सगळ्यांनी ऐकलेली असते. सगळ्यांना गुणांवर घ्या, जात बघू नका, असं म्हणणाऱ्या एका वकिलाला शाहू महाराज पागेत घेऊन गेले. घोड्यांच्या तोंडचे तोबरे सोडवले आणि सगळ्यांचे चणे एकाच जाजमावर ओतायला लावले. दांडगी घोडी पुढं घुसली, लाथा झाडत चणे फस्त केले. शिंगरं आणि अशक्त जनावरं लांब उभी राहून बघत बसली. महाराज म्हणाले, म्हणून मी प्रत्येकाच्या तोंडाला वेगळा तोबरा बांधतो.

आता बघा, यात दांडग्या घोड्याच्या पायात वजन बांधलंय का? त्याचे दात काढलेत का? त्याचा तोबरा त्याच्याकडंच आहे. "सब घोडे बारा टक्के" म्हणजे घोड्या-घोड्यातला फरकच न ओळखणं. तोबरा बांधणारा तर प्रत्येक घोडं ओळखतो. दोन्ही गोष्टींत घोडी आहेत म्हणून त्या एकच होत नाहीत.

पुणे_रिटर्न

गोष्ट गोड आहे. पण ती आख्यायिका आहे.

सनद_२००४

आख्यायिका बाजूला ठेवा, कागद बघू. मी वकिली करतो, सवय आहे.

२६ जुलै १९०२ चा करवीर दरबारचा आदेश. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना. हे सगळ्यांना पाठ असतं. ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तो शेवटचा भाग: प्रत्येक खातेप्रमुखानं आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करायचं. गेजवाल्यांचं स्टिकर ते हेच. मापायचा अधिकार दिला आणि मापणाऱ्यालाही हिशोब लावला.

आदेश का लागला? १८९४ मध्ये महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. कारकुनीच्या ५०० जागांत बाहेरचे फक्त १०. दार सगळ्यांना उघडं होतं, कायद्यानं कुणाला बंदी नव्हती. एकाच जाजमावर चणे होते.

आता संविधान. कलम १४ म्हणतं कायद्यापुढे सगळे समान. १६(१) म्हणतं सरकारी नोकरीत समान संधी. १६(४) मागास वर्गांसाठी जागा राखू देतं. बरीच वर्षं समजूत अशी की १६(४) हा समतेला केलेला अपवाद आहे. १९७६ च्या एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं दृष्टीच बदलली: तो अपवाद नाही, समान संधी प्रत्यक्षात आणण्याचाच तो एक मार्ग आहे. मग १९९२ चा इंद्रा साहनी निकाल: ५० टक्क्यांची मर्यादा, आणि ओबीसींतल्या पुढे गेलेल्यांना बाजूला काढणारी क्रीमी लेयरची चाळणी. आवडो न आवडो, हा सगळा गेज पुन्हा पुन्हा तपासण्याचाच उद्योग आहे. व्हॉनेगटच्या बंदूकवाल्या बाईविरुद्ध रिट दाखल करता येत नाही. इथं येते, रोज येते, माझं घर त्यावर चालतं.

भाच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण त्याची बुद्धी कुणी कमी केली नाही. एका दाराची मोजणी बदलली. आणि ती मोजणी चुकली असं वाटलं तर तेही कोर्टात मांडता येतं.

पुणे_रिटर्न

सनद, नीट उत्तर दिलंत, आभार. पूर्ण पटलं नाही. मोजणी किती पिढ्या चालायची, हा प्रश्न माझा राहतोच. पण पिशवीची उपमा मागे घेतो.

अकरावी_ब_च्या_बाई

पुणे_रिटर्न, "गुणवत्ता" हा शब्द तुम्ही वापरला नाहीत पण मनात तोच आहे, म्हणून एक गंमत सांगते. इंग्रजीत "मेरिटॉक्रसी" हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तोच मुळी एका भयकथेमुळे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग, १९५८, 'द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी'. भविष्यातलं ब्रिटन. बुद्ध्यांक अधिक कष्ट म्हणजे लायकी, आणि लायकीप्रमाणे सगळं. वरचे लोक स्वतःला खरोखरच श्रेष्ठ समजायला लागतात, कारण परीक्षेनं तसं सिद्धच केलेलं असतं. खालच्यांना तर तक्रारीलाही जागा उरत नाही. पूर्वी गरीब म्हणायचा, मला संधी मिळाली नाही. आता ती मिळाली, मोजली गेली आणि तो नापास झाला. शेवटी २०३४ मध्ये दंगल होते आणि ही व्यवस्था किती छान म्हणून सांगणारा निवेदकच तीत मरतो.

पुढे राजकारण्यांनी तोच शब्द कौतुकानं उचलला. यंगनं २००१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून पंतप्रधान ब्लेअरना सांगितलं, बाबा, हा शब्द वापरणं थांबव, मी तो धोक्याची पाटी म्हणून लावला होता.

वर्गात मी मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे सीईटीच की." दुसऱ्या दिवशी त्याचीच मॉक टेस्ट होती.

उत्तरेश्वर_पेठ

सगळे आरक्षणावर गेले, मला "सरसकट" या शब्दावर बोलायचं आहे.

२०१९ च्या पुरात आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. सात दिवस दुसऱ्याच्या माळ्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्या शहराला एकच: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण ४३ ला सगळ्यांचा धोका सारखा सुरू होतो का? सुतारवाड्यातली माणसं त्याआधीच गाठोडी बांधून निघालेली असतात. राजारामपुरीतल्या वरच्या बाजूला तेव्हा लोक मोबाईलवर पाण्याचे व्हिडिओ बघत असतात.

पाणी ओसरल्यावर मदतीचं. "सरसकट" जाहीर झालं की ऐकायला बरं वाटतं, सगळ्यांना सारखं. यादी करायला माणूस आला, त्यानं घरमालकाचं नाव लिहिलं आणि गेला. मी म्हटलं, भिजलेली गादी माझी, शिलाई मशीन बायकोचं. तर म्हणाला, एका घराला एक नाव, नियम सगळ्यांना सारखाच. दोन महिने फेऱ्या मारल्या. घरमालक मुंबईला राहतो, त्याचं एक भांडं भिजलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की "नियम सगळ्यांना सारखा" हे वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात यादी आहे का, ते आधी बघायचं.

कटवाढा

उत्तरेश्वर भावा, लई वाईट वाटलं वाचून. आमच्या गल्लीत बी हेच झालं.

सुई_दोरा

बायकांनी एखादं वाक्य लिहावं की नको या धाग्यावर? 😀

सारखेपणा आणि समता यातला फरक मला एका बसस्थानकावर कळला. पुरुषांसाठी चार शौचालयं, बायकांसाठी चार. एकदम समान. पुरुषांकडे रांग नाही, आमच्याकडे दारापासून फलाटापर्यंत, त्यात कडेवर पोर आणि हातात पिशवी. ज्यानं नकाशा काढला त्यानं अन्याय केला असं त्याला आयुष्यात कधी वाटणार नाही, कारण त्यानं दारं मोजलीत, वेळ नाही मोजला.

एल. पी. हार्टलीची 'फेशियल जस्टिस' (१९६०) कुणी वाचलीय का? त्यात मत्सर टाळायचा म्हणून सुंदर बायकांचे चेहरे शस्त्रक्रियेनं मधल्या प्रतीचे केले जातात. अल्फा, बीटा, गॅमा असे चेहऱ्यांचे दर्जे. बीटा झालं की सरकार खूश. वाचताना माझ्या मनात आलं, समतेसाठी कापायला घेतलं तेही पहिल्यांदा बाईचंच तोंड.

रंकाळा_वारा

सुई_दोरा, शेवटचं वाक्य भारी.

यावरून मी एक खेळ खेळून बघितला. या प्रकारातली गाजलेली पुस्तकं घ्यायची आणि विचारायचं, यात खरंच समता आहे का? हक्स्लीचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) लोक समतेची भयकथा म्हणून सांगतात. त्यात माणसं बाटलीत असतानाच अल्फा ते एप्सिलॉन अशी ठरवली जातात, खालच्यांची वाढ मुद्दाम खुंटवली जाते. आपल्याला हे फार ओळखीचं वाटायला हवं. जन्माआधी धंदा ठरलेला, आणि प्रत्येकाला झोपेत शिकवलेलं की आपलीच जात बरी. ही समतेची नव्हे, वर्णव्यवस्थेची भयकथा आहे.

झाम्यातिनचं 'आम्ही' (१९२०-२१) घ्या. माणसांना नावं नाहीत, नंबर. एकच गणवेश, एकाच ठोक्याला घास चावायचा. लोक याला साम्यवादावरची टीका म्हणतात आणि ती आहेच. पण त्या राज्यात देवासारखा पुजला जातो तो टेलर, अमेरिकन कारखान्यांत कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा इंजिनिअर. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात इंग्लंडात बर्फफोडी जहाजांवर देखरेख करून आलेला. गेजवाले, तुमच्याच बिरादरीतला. आणि सगळे नंबर सारखे, पण वर "उपकारकर्ता" एकच. त्याला मत द्यायचा दिवसही असतो, निकाल आधीच ठरलेला.

गेजवाला

टेलरची घड्याळं आमच्याकडे अजून आहेत, त्याला टाइम स्टडी म्हणतात. झाम्यातिनचं यादीत घेतलं.

पुणे_रिटर्न

पुस्तकांचं ठीक. पण प्रत्यक्षात ज्यांनी समता लादली तिथं काय झालं? कंबोडिया?

सनद_२००४

बरोबर विचारलंत, त्याला बगल देणं अप्रामाणिकपणा होईल. १९७५ ते १९७९, पोल पॉटच्या ख्मेर रूजची राजवट. पैसा रद्द, शहरं रिकामी, सगळ्यांना काळे कपडे, जेवण सामुदायिक. कागदावर याहून सारखं काय असणार. पण पहिल्या दिवसापासून माणसांचे दोन गट पाडले होते: खेड्यातले "मूळ लोक" आणि शहरातून हाकललेले "नवे लोक". नव्यांना शिधा कमी, जीव स्वस्त. कपडे सारखे केले आणि माणसं वेगळी काढली. लाखो लोक मेले. समतेच्या नावानं हे झालं, हे मान्यच करावं लागतं. नाव तेवढं वापरलं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण नाव वापरू देणारे आपल्यासारखे पुस्तकं वाचणारेही होते.

रशियाबद्दल एक गैरसमज मात्र काढतो. तिथं सगळ्यांना सारखा पगार होता असं समजलं जातं. स्टालिननं १९३१ च्या भाषणात समान वेतनाची प्रवृत्तीच मोडून काढायला सांगितली होती.

तालीम_८८

वाचून जड झालं डोकं. खासबागेचं सांगतो, हलकं व्हा.

कुंपणापलीकडची मॅच बघायला खोक्यांवर उभी राहिलेली कमी-जास्त उंचीची तीन पोरं, ते चित्र सगळ्यांनी बघितलंय. बुटक्याला दोन खोकी दिली की त्यालाही मॅच दिसते, म्हणजे न्याय. आमचं खासबाग मैदान १९१२ चं, महाराजांनी बांधून घेतलेलं. मधे कुस्तीचा मातीचा हौदा, भोवती वाटीसारखा चढत गेलेला उतार. कुठंही बसा, कुस्ती दिसते. माझी आज्जी पावणेपाच फुटांची, ती बी बघायची. खोकी वाटायचा प्रश्नच आला नाही कधी, आणि खोकी वाटणारा साहेब बी नेमावा लागला नाही.

आणि आत हौद्यात? तिथं जोड वजन आणि ताकद बघूनच लावतात. ऐंशी किलोच्या पोरापुढं सव्वाशेचा गडी सोडला तर त्याला कुणी समान संधी म्हणत नाही, पब्लिक उठून शिट्ट्या मारतं.

भाऊसिंगजी_रोड

इतके दिवस नुसता वाचत होतो. आमचे पणजोबा मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये राहून शिकले, १९०८ ला महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी काढलेलं. म्हणून चार ओळी.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फटके मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. पण गिऱ्हाईक येणार कोण? हुकूम काढता आला असता की अमक्या तारखेपासून सगळ्यांनी तिथं चहा प्यावा. ते नाही केलं. फेरफटक्याला निघाले की गाडी दुकानासमोर थांबवायची, मोठ्यानं चहा मागवायचा आणि सोबतच्या बड्या मंडळींच्या हातात कप द्यायचा. स्वतः आधी प्यायचा.

सारखेपणाच बघायचा तर तो त्याआधीही होता. चहा सगळीकडे सारखाच असतो, दूध-साखर तेवढीच. पणजोबा सांगायचे, बाहेरच्या हॉटेलात त्यांना वेगळ्या कपात मिळायचा, आणि पैसे तेवढेच घ्यायचे.

अकरावी_ब_च्या_बाई

भाऊसिंगजी_रोड, हे उद्या वर्गात सांगू का? नाव न घेता.

भाऊसिंगजी_रोड

सांगा की. कपाचं नक्की सांगा.

गेजवाला

दोन दिवस सेकंड शिफ्ट होती, आत्ता सगळं वाचलं. गच्चीवरच्या मित्रालाही लिंक पाठवली. तो म्हणतो कथा परत वाचतो. एवढं पुष्कळ झालं.

माझं एक दुरुस्त करतो. मी म्हटलं होतं मापणाऱ्याला मापायची सोय हवी. सुई_दोरा आणि उत्तरेश्वर यांचं वाचून वाटलं, तेवढ्यानं भागत नाही. आमच्याकडे एकदा कॅलिब्रेशन पक्कं असलेल्या गेजनंच अख्खा लॉट पास झाला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला. गेज बरोबर होता, ड्रॉइंगमध्ये चुकीचं भोक मापायला सांगितलं होतं. दारं मोजली, वेळ नाही. घर मोजलं, गादी नाही. काय मोजायचं हे ठरवताना रांगेत उभी असलेली बाई त्या खोलीत होती का, हे स्टिकरवर येत नाही.

पुढच्या रविवारी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचायचं ठरलंय. त्यात ते म्हणतात की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. कोल्हापुरात असाल ते या. पुणे_रिटर्न, तुम्ही तर याच, भाच्यालाही आणा.

पुणे_रिटर्न

येतो. भाचा बोलेल बरंच, सांगून ठेवतो.

कटवाढा

भडंगाची वर्गणी किती? सरसकट का कसं? 😀

गेजवाला

कमावतात त्यांना पन्नास, शिकतात त्यांना माफ. वही गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी टांगलेली असते, कुणीही उघडून बघा.

गंगावेशकर

दूध मी आणतो चहाला. धार काढताना बघायला कोण येतंय? पहाटे पाचला.